शुक्रवारचा पास

कॉम्प्युटरला कान लावून बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. डोळे लावून बसणारे रोज पाहत होतो. आमच्या शेजारच्या गाळ्यात ते सकाळी दहापासून रांग लावायचे. पण हा पन्नाशीचा गृहस्थ जमिनीवर उकिडवा बसला होता, कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलेलं आणि उजवा कान थेट आत. मी दारातून विचारलं, "काय ऐकताय?" त्याने मागे न बघता हातानेच मला गप्प राहायची खूण केली. मालाची बिल्टी लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला अशी खूण करणारे भिवंडीत पुष्कळ होते, त्यामुळे राग यायचं कारण नव्हतं. तरी आला.

"पंखा घासतोय," तो थोड्या वेळाने म्हणाला. "बेरिंग सुकलंय."

हा यादव रोकडे. राहायला शेलारला, बायको नाही, एक मुलगी. त्याच्याविषयी लिहावं असं त्याने काही केलेलं नाही, असं त्याला स्वतःला वाटतं. मलाही बराच काळ तसंच वाटत होतं.

गोष्ट २००७ सालची. मी तेव्हा कल्याण रोडवर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होतो. किती गाठी, कुठून, कुठे, सही कोणाची, एवढं दिवसभर लिहायचं. शेजारचा गाळा दीपेश केणेचा. दीपेश मूळचा जवळच्या वळ गावचा. वळच्या भातखाचरांची गोदामं झाली त्यात केण्यांची जमीन बरीच होती. त्याचे वडील पंढरीशेठ. त्यांनी हा गाळा मुलाला दिला तो गोदामांचं बुकिंग ऑफिस काढायला. मुलाने आठ कॉम्प्युटर मांडून गेम झोन काढला. पंढरीशेठ आठवड्यातून एकदा यायचे, दारात उभे राहून आत बंदुका चालवणाऱ्या पोरांकडे बघायचे आणि मग माझ्याकडे येऊन पाणी मागायचे. पाणी पिऊन झाल्यावर म्हणायचे, "चालू हाय ना त्याचा धंदा?" मी म्हणायचो, चालू आहे. त्यांना ते आवडायचं नाही.

गाळ्याच्या मागची भिंत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, एका शेडची होती. चोवीस लूम. भिंतीला टेकून बसलं तर पाठीला मालिश व्हायचं. बोलायचं तर दोन सूर वर लावून बोलायचं. भिवंडीत याचं कोणाला काही वाटत नाही. बाहेरगावचा माणूस पहिल्या दिवशी विचारतो, हा आवाज कसला? आपण म्हणतो, कुठला आवाज?

यादव त्या आवाजातला माणूस. तो जॉबर होता. लूम चालवतो तो कामगार, आणि लूम बिघडलं की कामगार ज्याला हाक मारतो तो जॉबर. लूम नीट करून झालं की जॉबर ते आधी स्वतः चालवतो, उतरणारं कापड बोटांनी चाचपतो आणि म्हणतो, "पास." मग कामगार त्याच्यापुढे उभा राहतो. यादवने पास म्हटलेलं लूम सव्वीस वर्षांत कोणी पुन्हा तपासलं नाही. हे तो स्वतःच सांगायचा आणि जरा जास्तच वेळा सांगायचा. पण खोटं नव्हतं. मी त्याच्या जुन्या शेडच्या दोघातिघांना विचारून बघितलं. माझा स्वभावच तसा आहे.

मग मंदी आली. २००५ला त्याच्या मालकाने शेड विकली. लूम वजनावर भंगारात गेले. ट्रक भरताना यादव तिथे होता. "रडलात का?" मी एकदा खोचकपणे विचारलं. "रडलो," तो म्हणाला. "का न्हाय रडणार? त्यातले चौदा माझ्या हाताने बसवलेले."

त्याची मुलगी संघरत्ना तेव्हा कॉलेजात होती. अभ्यासासाठी तिने एक जुना कॉम्प्युटर मिळवला. यादवने पहिल्याच रविवारी तो पूर्ण खोलला. ती ओरडली. संध्याकाळपर्यंत त्याने तो पुन्हा जोडला, आणि आधी जो दर अर्ध्या तासाने बंद पडायचा तो बंद पडेनासा झाला. आत साचलेली धूळ ब्रशने काढली आणि सैल झालेला पंखा घट्ट केला, एवढंच. त्यानंतर शेलारमधले लोक आपापले डबे घेऊन येऊ लागले. संघरत्ना सायबर कॅफेतून इंग्रजी पानं छापून आणायची आणि बापाला वाचून दाखवायची. ती एका वाक्याचा अर्थ लावेपर्यंत तो म्हणायचा, "समजलं, पुढे वाच." तिला याचा भयंकर राग यायचा, कारण त्याला खरंच समजलेलं असायचं.

दीपेशकडे तो असाच, कोणाच्या तरी सांगण्यावरून, मोडलेली मशीनं बघायला येऊ लागला. नोकरी नव्हती. बोलावलं की यायचं.

त्या वर्षी एप्रिलात दीपेशच्या डोक्यात मॅच शिरली. मे महिन्यातल्या एका रविवारी ठाणे, कल्याण, उल्हासनगरच्या टीम बोलावून गेमची मोठी स्पर्धा. पोस्टर छापून धामणकर नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत लावून झाले. त्यावर लिहिलं होतं: फुल्ल ग्राफिक्स, नो हँग. अडचण अशी की ज्या नव्या गेमची स्पर्धा होती, तो त्याच्या मशीनवर अडखळायचा. पडद्यावर धूर झाला की चित्र धापा टाकत पुढे सरकायचं. आधी पोस्टर आणि मग चौकशी, हा क्रम दीपेशचा एकट्याचा नाही, आमच्या सगळ्या गावाचा आहे.

"काका, कार्डं वाढवता येतात म्हणतात," तो यादवला म्हणाला. "ओव्हरक्लॉक."

हा शब्द पोरं आवाज खाली आणून म्हणायची, मटक्याचा आकडा सांगावा तसा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. दुपारी चहाला यादव माझ्याकडे आला तेव्हा मी विचारलं, की ही काय भानगड आहे.

"लूम कसं, मिनिटाला एकशेवीस वेळा धोटा मारतंय," तो म्हणाला. "मालक म्हणतो, एकशेचाळीस मार. मारतंय की. मोटरची पुली बदलली की झालं. पन एकदम बदलशील तर धोटा उडून समोरच्याच्या कपाळात. म्हणून जरा वाढवायचं, थांबायचं, हात लावून बघायचं. बेरिंग तापलं का? धागा तुटतोय का? न्हाय? मग अजून जरा."

"आणि कार्डाला हात कसा लावायचा?"

"त्याचा प्रोग्राम हाय. आतला ताप आकड्यात दिसतो."

पडद्यावरचं चित्र काढून देणारं जे कार्ड असतं, त्याला कारखान्यातून वेग ठरवून दिलेला असतो. दीपेशच्या कार्डांचा तीनशे मेगाहर्ट्झ होता. यादव तो दहा-दहाने वाढवणार होता. प्रत्येक वाढीनंतर एक तपासणीचा प्रोग्राम लावायचा. त्यात पडद्यावर एक केसाळ ठोकळा गोल फिरत राहायचा. कार्ड थकलं की त्या केसांत कुठेतरी पिवळा ठिपका उमटायचा. ठिपका म्हणजे तुटलेला धागा. ठिपका दिसला की दोन पायऱ्या खाली यायचं. कार्डावरच्या मेमरीचा वेग वेगळा असतो. तो त्याच दमात वाढवायचा नाही. "दोन्ही एकदम वाढवलं आणि बिघडलं, तर चोर कुठला ते कळत न्हाय," तो म्हणाला. ताप ऐंशीच्या वर गेला की हात आखडता. आणि कार्डाला जादा व्होल्टेज द्यायचं नाही, पोरांनी कितीही सांगितलं तरी. पोरं ते इंटरनेटवर वाचून सांगायची. कार्ड त्यांचं नव्हतं.

"आणि सगळं झाल्यावर एक पुरी शिफ्ट चालवायचं. आठ तास. मधे हात लावायचा न्हाय. त्यात टिकलं तर पास."

दीपेशने त्याला शब्द दिला होता. रविवारी एकही मशीन बंद पडलं नाही तर यादव गेम झोनमध्ये कायमचा. पंढरीशेठच्या मनात दुसराच माणूस होता, कल्याणचा कोणीतरी, हार्डवेअरचं सर्टिफिकेट असलेला. बापलेकांचं असं ठरलं की रविवार बघायचा आणि मग बोलायचं. यादवने हे मला सांगितलं तेव्हा तो ग्लासातला चहा उगाच ढवळत होता. "मला परत जॉबर व्हायचंय," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, सकाळी उठून जायला जागा न्हाय." इतकं सरळ बोलणारा माणूस समोर बसला की मला काय करावं ते कळत नाही. मी आणखी एक चहा सांगितला.

कामाला त्याने शुक्रवार निवडला. हे सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. जॉबरची सुट्टी मात्र त्या दिवशी नसते. उलट त्याचं खरं काम तेव्हाच. शेड शांत असते, एकेक लूम चालवून त्याचा आवाज ऐकता येतो. सव्वीस वर्षं यादवने अवघड कामं शुक्रवारसाठी राखून ठेवली होती. दीपेशला ते फारसं पटलं नाही, शुक्रवारी पोरांची गर्दी जास्त. पण यादवने हट्ट धरला. "शुक्रवारीच काम नीट होतं," तो म्हणाला. दीपेशने मुकाट्याने दोन शुक्रवार गाळा बंद ठेवला.

पहिल्या शुक्रवारी आठही कार्डांवरचे पंखे साफ झाले, चिपवरचा जुना वाळलेला लेप खरवडून नवा लावला गेला आणि मग दहा-दहाने चढण सुरू झाली. संघरत्ना वहीत लिहीत होती. आठही कार्डं एकाच कंपनीची, एकाच खोक्यातून आलेली, पण प्रत्येकाचा दम वेगळा निघाला. एक तीनशे नव्वदपर्यंत गेलं. तीन नंबरचं तीनशे साठलाच ठिपके टाकू लागलं. यादवला याचं नवल वाटलं नाही. एकाच दिवशी आलेल्या दोन लूममधलं एक कायम रडतं, असं त्याचं म्हणणं. त्याने प्रत्येकाला त्याच्या दमापेक्षा दोन पायऱ्या खाली ठेवलं आणि आकडे लिहून घेतले. मग संध्याकाळी सगळी पुन्हा तीनशेवर आणून ठेवली. तपासणी पूर्ण झाल्याशिवाय गिऱ्हाईक बसवायचं नाही, हा त्याचा नियम.

दुसऱ्या शुक्रवारी, स्पर्धेच्या दोन दिवस आधी, पुरी शिफ्ट. कार्डं पुन्हा वहीतल्या आकड्यांवर चढवली आणि सकाळी सातला आठही पडद्यांवर आठ केसाळ ठोकळे फिरू लागले. दुपारी तीनला आमच्याकडे वीज जायची, तोवर चालवायचं. यादव खुर्चीवर बसून होता. जेवायलाही उठला नाही, संघरत्नाने डबा हातात दिला. अडीच वाजता पंढरीशेठ आले. आठ पडदे बघून म्हणाले, "ह्यो काय लावलाय?" दीपेशने समजावलं. ते तीन वाजेपर्यंत बसले. एकही ठिपका नाही, ताप अडुसष्टच्या वर नाही. तीनला पाच मिनिटं असताना यादव उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याने आठही पडद्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "पास."

दीपेशने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पंढरीशेठनी नुसती मान डोलावली, पण बऱ्यापैकी डोलावली.

शनिवारी सकाळी साडेआठला मी ऑफिसचं शटर वर करत होतो तेव्हा यादव रिक्षातून उतरला. डाव्या गालाची दाढी केलेली, उजव्या गालाची तशीच.

"काय झालं?"

"मी शुक्रवारी पास केलं," तो म्हणाला.

"मग?"

"शुक्रवारी."

भिवंडीच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. आमच्याकडे शुक्रवारी पंखे जोरात फिरतात. बाकीचे सहा दिवस हजारो लूम विजेवर तुटून पडलेले असतात, त्यामुळे दिवा पिवळट आणि पंखा मरगळलेला. शुक्रवारी लूम बंद, वीज भरपूर, हवेत सुताचं उडतं तूस नाही, भिंत गार. लहानपणापासून आम्ही शुक्रवारचा पंखा ओळखतो. यादव सकाळी सातला आरशासमोर दाढी करत होता. शेजारच्या शेडमध्ये लूम सुरू झाले, डोक्यावरचा पंखा मंदावला आणि त्याचा वस्तरा गालावरच थांबला. कालची तपासणी त्याने सुट्टीच्या विजेवर केली होती. स्पर्धा रविवारी, आणि रविवार आमच्याकडे कामाचा दिवस.

"लूम शुक्रवारी नीट केलं की शनिवारी सकाळी मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहायचो," तो म्हणाला. "सगळी शेड चालू झाल्यावर कसं चालतंय ते बघायला. एक शनिवार चुकवला न्हाय. आणि इथे पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं, एरर न्हाय, आणि मी घरी जाऊन जेवलो." त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ती लपवायची त्याला कलाच नव्हती.

"अहो पण चालतीलही," मी म्हटलं.

"चालतील म्हणजे काय?" तो माझ्यावर खेकसला. तेव्हापासून मी कोणाला चालतील म्हणत नाही.

दीपेश साडेनऊला आला. टीमची पोरं सरावासाठी आधीच दारात उभी. यादवने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. दीपेशचा चेहरा उतरला. तो वाईट मुलगा नव्हता, पण त्याचे पोस्टर लागले होते.

"काका, काल तुम्हीच पास केलं ना? बाबांसमोर केलं."

"केलं. एक मशीन दे फक्त. तीन नंबर."

त्याने दिलं. संघरत्ना कॉलेजला न जाता बापाच्या मागोमाग आली होती, ती वही घेऊन बसली. मागे चोवीस लूम, खोलीत वीसेक पोरं, वर मरतुकडा पंखा. ठोकळा फिरू लागला. काल अडुसष्टवर थांबलेला ताप वीस मिनिटांत एकोणऐंशीवर गेला. चाळिसाव्या मिनिटाला एक पिवळा ठिपका. मग दोन. संघरत्ना "दीपेशदादा" म्हणून हाक मारेपर्यंत पडदा गोठला आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. दीपेश आला तेव्हा समोर मशीन सुरू झाल्यावरचं रोजचंच हिरवं कुरण आणि निळं आभाळ.

"कुठंय ठिपका?"

"होता," संघरत्ना म्हणाली.

"हँग तर आधी पण व्हायचं हे मशीन."

यादवने संघरत्नाची वही ओढून आकडे बघितले. मग म्हणाला, "सगळी खाली आणायला लागतील. तीन नंबर तीनशे दहा, बाकीची तीनशेवीस, पंचवीस. आणि गेममधल्या सावल्या बंद करायच्या, म्हणजे धूर झाला तरी अडखळायचं न्हाय."

"पोस्टरवर फुल्ल ग्राफिक्स लिहिलंय, काका! काल पास म्हणालात, आज नापास. मी कुठलं धरू?"

"आजचं," यादव म्हणाला.

मी दारात उभा राहून हे सगळं ऐकत होतो. मला काही काम नव्हतं अशातला भाग नाही. हा माणूस रविवार संपेपर्यंत गप्प बसला असता तर कदाचित सगळं नीट पार पडलं असतं, नोकरीही मिळाली असती. मशीन बंद पडलं असतं तर विजेवर ढकलता आलं असतं, भिवंडीत ते कोणीही मान्य करतं. हे मला सुचत होतं म्हणजे त्यालाही सुचत असणार.

दीपेशने शेवटी हात झटकले आणि "करा काय ते" म्हणाला. सरावाची पोरं बाहेर काढली गेली, शिव्या देत गेली. यादवने आठही कार्डं खाली आणली आणि अकरा ते तीन, लूम चालू असताना, पुन्हा ठोकळे फिरवले. या वेळी तो बसला नाही. एका मशीनकडून दुसऱ्याकडे जात राहिला, डब्यांवर हात ठेवून बघत राहिला. तीनला वीज जायच्या आधी त्याने दीपेशकडे बघून मान डोलावली. पास हा शब्द त्याने उच्चारला नाही.

रविवारी गाळा पोरांनी फुलून गेला. बाहेर मंडप, आत घामाचा वास. पंढरीशेठ पांढरे कपडे घालून पुढच्या खुर्चीत. वळवरून त्यांची चार माणसं आली होती, त्यांना समोर काय चाललंय ते कळत नव्हतं, पण ती मन लावून बघत होती. दहाला सुरू झालेली स्पर्धा अडीचला संपली. एकही मशीन बंद पडलं नाही. चित्र कुठे अडखळलं नाही. फक्त ठाण्याच्या एका पोराने मधेच मोठ्याने विचारलं, "अरे, सावल्याच नाहीत यात! फुल्ल ग्राफिक्स म्हणे!" आणि सगळा गाळा हसला. पंढरीशेठना गेममधलं काही समजत नव्हतं, पण आपल्या दारात आपल्याला हसतात हे समजलं.

तीनला वीज गेली, पोरं पांगली. पंढरीशेठनी यादवला बोलावलं. दीपेश खाली मान घालून वायरी गुंडाळत होता.

"यादव, एक पन मशीन बंद न्हाय परला," ते म्हणाले.

"न्हाय, शेठ."

"मंग उगाच घाबरवलास पोराला. जे शुक्रवारी होता तेच ठेवला असतास तं लोकं हसली नसती."

"तीन नंबर बंद पडला असता, शेठ."

"कुनी बगितला?"

संघरत्ना काही बोलायला गेली तर यादवने तिच्या खांद्यावर हात ठेवला. पंढरीशेठ वाईट बोलले नाहीत, आवाजही चढवला नाही. त्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं, की आपलंच काम जो दुसऱ्या दिवशी फिरवतो त्याच्या भरवशावर धंदा कसा ठेवायचा. कल्याणचा मुलगा उद्यापासून येईल. दीपेशने एकदा वर बघितलं आणि पुन्हा वायरी गुंडाळायला लागला. यादवने वहीतली आकड्यांची पानं फाडून नव्या माणसासाठी टेबलावर ठेवली, शनिवारच्या आकड्यांखाली दोन रेघा ओढून.

आम्ही तिघं समोरच्या टपरीवर चहाला बसलो. वीज नव्हती, लूम बंद, रस्त्यावर जरा शांतता. संघरत्ना चहाला हात लावेना. तिचे डोळे लाल झाले होते.

"एक मशीन तसंच ठेवायचं होतंत, पप्पा," ती म्हणाली. "फक्त तीन नंबर. शुक्रवारच्या आकड्यावर. बंद पडलं असतं सगळ्यांसमोर. मग विचारलं असतं का त्यांनी, कोणी बघितलं म्हणून?"

मला ते पटलं. मी तसं म्हणालोही. एक मशीन बंद पडलं असतं, बाकीची सात टिकली असती, आणि जॉबर खरा ठरला असता.

"मी ठेवणार होतो," यादव म्हणाला.

संघरत्नाने मान वर केली.

"काल आधी सातच उतरवली होती. तीन नंबरला हात लावला नव्हता. म्हटलं, ह्याला बोलू दे." त्याने बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. "मग त्या खुर्चीत बसून बघितलं जरा. म्हटलं, उद्या हिथं कोणतरी बसंल. कुठल्या तरी गावचा. वर्षभर खेळून खेळून आलेला. आणि ऐन टायमाला त्याच्या समोरचा पडदा मरंल. त्याला काय, माझा शुक्रवार माहीत हाय?"

संघरत्नाने चहा उचलला. मी विचारलं, "कोण बसलं होतं आज तिथे? जिंकला का?"

"माहीत न्हाय," यादव म्हणाला. "मी भायेर मीटरपाशी उभा होतो. व्होल्टेज किती पडतंय ते बघत."